एरोबॅटिक्स शिकताना या चुका टाळा: गोंधळलात तरी स्टिक ओढू नका

नाक खाली जातंय असं वाटलं की स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करणारा आणि पंख कलवणारा दांडा) मागे ओढायची, ही सवय प्रत्येक वैमानिकाच्या हातात मुरलेली असते. विमान सरळ असताना ती बरोबरच आहे. विमान पाठीवर असताना मात्र तीच ओढ थेट जमिनीकडे नेते. एरोबॅटिक्समधल्या, म्हणजे हवाई कसरतींमधल्या, नवशिक्यांच्या चुका वरवर वेगवेगळ्या दिसतात, पण त्यातल्या जिवावर बेतणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ या एका ओढीत आहे. म्हणून शिकवताना बहुतेक जण लूपपासून (हवेतलं उभं वर्तुळ) सुरुवात करत असले, तरी मी रोलपासून (स्वतःच्या लांबीभोवती पूर्ण गिरकी) करतो. ही चूक तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसते.

रोलमध्ये अर्ध्यावर एलेरॉन सोडणं आणि ओढणं

एलेरॉन म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपा; स्टिक डावी-उजवीकडे नेली की त्या हलतात. साध्या एलेरॉन रोलचा क्रम असा: विमानाच्या हँडबुकात दिलेला वेग गाठायचा, नाक क्षितिजाच्या वर साधारण २० ते ३० अंश न्यायचं, ओढ पूर्ण थांबवायची आणि मगच एलेरॉन शेवटपर्यंत दाबून पंख सरळ होईपर्यंत धरून ठेवायचं. यातला तिसरा टप्पा, म्हणजे ओढ थांबवणं, नवशिके हमखास विसरतात. ओढ चालू असतानाच रोल सुरू झाला की विमान पाठीवर येताना नाक आपोआप खाली वळतं. शिवाय रोल होत असताना दोन्ही पंखांवरचा भार सारखा नसतो, त्यामुळे विमानाची जी-मर्यादा (वजनाच्या किती पट भार ते सोसू शकतं) नेहमीपेक्षा कमी धरावी लागते.

खरी अडचण पुढे येते. विमान पाठीवर येतं, शरीर पट्ट्यांना लटकतं, समोर आकाशाच्या जागी जमीन दिसते आणि हात नकळत एलेरॉन सैल करतो. रोल तिथेच थबकतो, नाक घसरतं, वेग वाढतो. घाबरलेला हात आता ओढतो. यालाच, म्हणजे पाठीवरून खालच्या दिशेने अर्धा लूप मारण्याला, स्प्लिट-एस म्हणतात, फक्त तो न ठरवता झालेला असतो. हजार फुटांहून जास्त उंची त्यात सहज जाते, वेग लाल रेषेपलीकडे, म्हणजे विमानाच्या कमाल वेगापलीकडे, जाऊ शकतो आणि बाहेर पडताना पंखांवर प्रचंड भार येतो. कमी उंचीवर सुरुवात केली असेल तर जमीन आधी येते.

पाठीवर अडकलात तर मागची ओढ सैल करा, जवळच्या बाजूने पूर्ण एलेरॉन देऊन पंख क्षितिजाला समांतर आणा, वेग वाढत असेल तर थ्रॉटल बंद करा आणि पंख सरळ झाल्यावरच हळूहळू नाक वर घ्या. आधी फिरवा, मग ओढा. हा क्रम जमिनीवर, इंजिन बंद असलेल्या कॉकपिटमध्ये बसून हातांना शिकवावा. हवेत गोंधळलेल्या क्षणी तो आठवत नाही, हातात असेल तरच होतो.

लूपमध्ये नजर समोर खिळवणं

९ सप्टेंबर १९१३ रोजी प्योत्र नेस्तेरोव्ह या रशियन लष्करी वैमानिकाने कीव्हजवळ पहिला लूप मारला, तेव्हा सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला शिक्षा झाली आणि नंतर बढतीही मिळाली. आजचा शिकाऊ त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं विमान घेऊन हीच आकृती करतो, तरीही त्याचा लूप वाकडा होतो. कारण बहुधा नजरेत सापडतं.

लूपचा पहिला पाव भाग झाला की समोर फक्त आकाश उरतं. तिकडे बघत राहिलात तर पंख सरळ आहेत का, विमान रेषेवर आहे का, काहीच कळत नाही. म्हणून ओढ सुरू झाली की डाव्या पंखाच्या टोकाकडे बघा आणि ते क्षितिजाशी कसा कोन करतंय ते तपासा. मग मान मागे टाकून डोक्यावरून येणारं उलटं क्षितिज शोधा. सुरुवातीला रस्ता किंवा कालव्यासारखी लांब सरळ रेष खाली निवडली असेल, तर ती इथे पुन्हा दिसते आणि विमान कुठे वळलं ते लगेच समजतं.

लूप वाकडा येत असेल तर आधी सुरुवातीचे पंख तपासा. एक-दोन अंशांचा कल शेवटी मोठा होऊन दिसतो. पंख सरळ असूनही दिशा चुकत असेल तर पाय तपासा. ज्या विमानांचा पंखा (प्रोपेलर) कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्यात शिखराजवळ वेग घटला की नाक डावीकडे सरकतं आणि उजवं रडर (पेडलने फिरणारं, उभ्या शेपटीवरचं सुकाणू) लागतं. पाय पेडलवर झोपलेले असतील तर लूप कधीच सरळ येणार नाही.

ओढीचं प्रमाणही शिकावं लागतं. सुरुवातीला साधारण ३.५ ते ४ जी, शिखरावर ओढ बरीच सैल, खाली येताना पुन्हा घट्ट. घाबरत ओढलं तर शिखरावर वेग संपतो. फार जोरात ओढलं तर विमान थरथरतं, म्हणजे पंख स्टॉलच्या (पंखांची उचल अचानक घटण्याच्या) उंबरठ्यावर आहेत आणि वेग वाया जातोय. ४ जी भाराखाली स्टॉलचा वेग नेहमीच्या दुप्पट होतो, हे गणित पाठ असू द्या. थरथर जाणवली की ओढ थोडी सैल करा. तेवढ्यानं विमान पुन्हा उडू लागतं.

स्पिनमध्ये अंतःप्रेरणेवर विसंबणं

२५ ऑगस्ट १९१२ रोजी ब्रिटिश नौदलाचा लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क स्पिनमध्ये, म्हणजे स्टॉल झालेलं विमान गरगरत खाली येण्यात, सापडला. स्टिक मागे आणि रडर फिरण्याच्या दिशेने, हे त्या काळी योग्य वाटणारे उपाय त्याने करून पाहिले. काहीच साधेना तेव्हा त्याने रडर उलट्या बाजूला मारलं आणि जमीन अगदी जवळ आली असताना विमान सावरलं. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी नवशिक्याचा हात आजही पार्कच्या पहिल्या उपायांकडेच धावतो.

बहुतेक प्रशिक्षण विमानांना लागू पडणारा क्रम असा: थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या विरुद्ध दिशेला पूर्ण रडर, मग स्टिक पुढे. चुका ठरावीक असतात. थ्रॉटल उघडं राहिलं तर स्पिन सपाट होऊ शकतो आणि सपाट स्पिनमधून सुटणं अवघड असतं. पंख उचलायला एलेरॉन दिलं तर स्पिन बिघडतो. फिरणं थांबल्यावरही रडर दाबून ठेवलं तर विमान दुसऱ्या बाजूला स्पिनमध्ये शिरतं. शेवटी घाईने ओढलं तर पुन्हा स्टॉल. दिशा ठरवताना स्लिप-बॉलवर (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी गोळी) विश्वास ठेवू नका, स्पिनमध्ये तो खोटं सांगतो. नाकावरून बाहेर जमिनीकडे बघा.

स्टिक सोडून फक्त विरुद्ध रडर देण्याची एक पद्धत प्रसिद्ध आहे आणि काही विमानांत ती छान चालते, पण सगळ्यांत नाही. तुमच्या विमानाचं हँडबुक जे सांगतं तेच अंतिम. एका वेढ्याच्या स्पिनमध्ये शिरून सावरेपर्यंत हलक्या प्रशिक्षण विमानाची साधारण १००० फूट उंची जाऊ शकते. त्यामुळे कायद्याने दिलेली किमान उंची ही शिकाऊ माणसाची किमान उंची नव्हे. अमेरिकी नियमात ती जमिनीपासून १५०० फूट आहे. मी शिकाऊला सावरून झाल्यावर ३००० फूट हातात उरायला हवेत असं सांगतो.

हॅमरहेडमध्ये उशीर

हॅमरहेडमध्ये विमान सरळ उभं वर न्यायचं आणि वेग संपत आला की रडरने नाक फिरवून पुन्हा खाली आणायचं. रडर लवकर मारलं तर विमान कमानीसारखं वळतं. तेवढ्याने आकृती फक्त कुरूप होते. उशीर झाला तर विमान शेपटीच्या दिशेने मागे घसरू लागतं आणि हवेचा झोत रडर आणि एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप) शेवटच्या टोकापर्यंत फेकू शकतो. असं झालं तर थ्रॉटल बंद करा, स्टिक दोन्ही हातांनी आणि पेडल दोन्ही पायांनी मध्यावर घट्ट धरा. नाक स्वतःहून खाली पडेपर्यंत काही करू नका.

‘मॅन्यूव्हरिंग स्पीड’च्या खाली काहीही चालतं हा समज

त्या वेगाखाली एकाच दिशेने एकदाच पूर्ण नियंत्रण दिलं तर रचना टिकते, एवढंच ते आश्वासन आहे. रडर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं पूर्ण मारत राहिलात तर त्याचं संरक्षण संपतं. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या एअरबस ए-३०० विमानाचा उभा शेपटीपंख अशाच आलटून-पालटून दिलेल्या रडरमुळे तुटला. २६५ माणसं गेली. विमान तेव्हा त्या वेगाच्या आतच होतं.

शरीराला गृहीत धरणं

जी येण्याआधी पाय, मांड्या आणि पोट आवळायचं. आल्यावर आवळून उपयोग नाही, रक्त तोवर खाली उतरलेलं असतं. नजरेच्या कडा करड्या होऊ लागल्या की ओढ ताबडतोब सैल करा, पुढची पायरी शुद्ध हरपणं आहे. एक गोष्ट फार कमी शिकाऊंना सांगितली जाते: ऋण जी (शरीर पट्ट्यांना लटकवणारा भार) नंतर लगेच धन जी (सीटमध्ये दाबणारा भार) घेतला तर सहनशक्ती एरवीपेक्षा खूप कमी असते. काल ५ जी सोसणारा माणूस आज उलट्या उड्डाणानंतर ४ जीला अंधारात जाऊ शकतो. पाणी कमी प्यालेलं असणं, रिकामं पोट, अपुरी झोप यांनीही तेच होतं.

मळमळ सुरू झाली की ‘अजून एक’ म्हणू नका. नजर दूरच्या क्षितिजावर ठेवून सरळ उडा, ताजी हवा घ्या आणि उतरा. सुरुवातीला १५-२० मिनिटांचे धडे पुरेसे असतात. शरीर सरावतं, पण जबरदस्तीने नाही.

विमानाला गृहीत धरणं

खिशातलं पेन, नाणं, मोबाइल उलट्या उड्डाणात बाहेर पडतात आणि पेडलखाली जाऊन अडकू शकतात. उड्डाणाआधी खिसे रिकामे करा, सीटखाली टॉर्च मारून बघा. पट्टे बांधताना कमरेचा पट्टा आधी आणि सगळ्यांत घट्ट, खांद्याचे नंतर. पॅराशूट घातलं असेल तर कॅनोपी उघडणं, पट्टे सोडणं, बाहेर पडणं याची रंगीत तालीम जमिनीवर करा.

आपल्या विमानाची मर्यादा पाठ असावी. साध्या प्रवासी हलक्या विमानाची मर्यादा सहसा +३.८ जी असते, एरोबॅटिक वर्गासाठी किमान +६ आणि -३. साध्या विमानात ‘हळूच एक रोल’ मारून बघणं हा धडा नव्हे. एकट्याने तर नाहीच.

उतरल्यावर जी-मीटरचा काटा रीसेट करण्याआधी तो वाचा. मर्यादा ओलांडली असेल तर लगेच सांगा, लॉगमध्ये लिहा आणि तपासणी होईपर्यंत विमान जमिनीवर ठेवा. बाहेरून पंख अगदी ठीक दिसतो, आतला स्पार (पंखाचा मुख्य आधार-दांडा) वाकलेला किंवा तडकलेला असू शकतो, आणि त्या विमानात पुढच्या तासाला दुसरा शिकाऊ बसणार असतो.