रीमॅप करायचाय? आधी वॉरंटीचं पुस्तक उघडा, मग ट्यूनरला फोन लावा

"रीमॅप केला की वॉरंटी गेलीच समज" असं एक जण सांगतो, दुसरा लगेच म्हणतो "काही होत नाही भो, सर्व्हिसच्या आधी स्टॉक फाइल टाकून द्यायची, कोणाला कळतंय". दोघंही अर्धवट सांगतात. (रीमॅप किंवा ट्यून म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं, आणि स्टॉक फाइल म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर.) नाशकात तर गाडीवर बोलणारे जास्तच, अर्धं गाव सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला, थार-बोलेरो इथेच बनतात, बॉशमध्ये डिझेलचे इंजेक्टर-नॉझल बनवलेल्या माणसांची घरं गल्लोगल्ली. त्यामुळे सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो, पण क्लेम अडकला की सल्ला देणारा फोन उचलत नाही. म्हणून रीमॅप, ट्यूनिंग बॉक्स (पॉवर वाढवायला बाहेरून वायरिंगमध्ये जोडायचा डबा) वगैरे करायच्या आधी, करताना आणि नंतर काय काय बघायचं ते एकदा नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, वॉरंटी सहसा एका झटक्यात अख्खी उडत नाही. क्लेम बघताना कोणता पार्ट गेला आणि कशामुळे गेला हे बघितलं जातं. रीमॅप केलेल्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर गेला, काच वर जाईना, स्क्रीन काळी पडली, तर ट्यूनिंगचा संबंध लावणं कंपनीला अवघड जातं. पण टर्बो, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, पिस्टन, क्लच, फ्लायव्हील, गिअरबॉक्स, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यातलं काहीही गेलं आणि ट्यून सापडली, तर क्लेम एका ओळीत परत येतो. आणि गंमत अशी की महागडे पार्ट नेमके हेच.

आता पुस्तक. ग्लोव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेलं असतं, बऱ्याच जणांनी ते डिलिव्हरीच्या दिवसानंतर बघितलेलं नसतं. वॉरंटी कशाला लागू नाही, ते पान काढा आणि मॉडिफिकेशन, ऑल्टरेशन, ट्यूनिंग, नॉन-जेन्युइन पार्ट हे शब्द कुठे येतात ते शोधा. मग वाक्य सावकाश वाचा. "मॉडिफिकेशनमुळे झालेलं नुकसान कव्हर नाही" असं लिहिलंय, की "मॉडिफाय केलेल्या गाडीला वॉरंटी लागू नाही" असं लिहिलंय? दिसायला सारखंच, पण पहिल्या वाक्यात कारण दाखवावं लागतं, दुसऱ्यात नुसती ट्यून सापडली तरी पुरे. तुमच्या पुस्तकात दुसरं वाक्य असेल तर पुढचं सगळं वाचून झाल्यावरही माझा सल्ला एवढाच, की वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचा कागद वेगळा असतो, तोही काढा. कंपनीच्या मूळ वॉरंटीत शोरूमवाला ओळखीने थोडं सांभाळून घेईलही, एक्स्टेंडेडमध्ये बऱ्याचदा मागे दुसरीच कंपनी असते, क्लेम पास करणारा माणूस भलत्याच शहरात बसलेला असतो, तो फक्त फोटो आणि स्कॅन रिपोर्ट बघतो. तिथे ओळख चालत नाही.

यूट्यूबवरचं एक वाक्य डोक्यातून काढून टाका: "कंपनीला सिद्ध करावं लागतं की ट्यूनमुळेच बिघडलं, नाहीतर वॉरंटी द्यावीच लागते." हे अमेरिकेतलं आहे. तिथे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे, त्याच्या जोरावर तिकडचे लोक असं बोलतात. आपल्याकडे तसा वेगळा वॉरंटी कायदा नाही. आपल्याकडचं सगळ्यात जवळचं म्हणजे २०१४ चा कॉम्पिटिशन कमिशनचा आदेश. १४ कार कंपन्यांना मिळून साधारण २५४४ कोटींचा दंड झाला होता, आणि त्यात असंही होतं की बाहेरच्या गॅरेजला काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा. दंडाचं प्रकरण पुढे कोर्टात लांबत गेलं. पण नीट बघा, ते बाहेरच्या रिपेअरिंगबद्दल होतं. इंजिनची पॉवर वाढवणं म्हणजे रिपेअरिंग नव्हे, त्यामुळे तो आदेश घेऊन सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरसमोर उभं राहिलात तर फार काही पदरात पडणार नाही.

कोणत्या कामात किती रिस्क

फिल्टरच्या जागी फिल्टर, म्हणजे त्याच डब्यात बसणारा परफॉर्मन्स एअर फिल्टर, यात सगळ्यात कमी. फक्त तेल लावायचा प्रकार असेल तर तेल बेताने लावा, जास्त झालं की मास एअर फ्लो सेन्सरवर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर) जाऊन बसतं आणि मग सेन्सरचा क्लेम अडकतो. डबाच काढून कोन फिल्टर लावला तर बॉनेट उघडल्या उघडल्या दिसतो.

ट्यूनिंग बॉक्स हा प्रकार लोकांना सेफ वाटतो कारण काढता येतो. डिझेलमध्ये तो कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणारा पाइप) प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे बसतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवतो, मग ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो. म्हणजे ईसीयूच्या हिशोबात सगळं नॉर्मल आणि इंजेक्टर मात्र जास्त प्रेशर खातोय. ईसीयूला खोटं सांगून काम करून घ्यायचं ही आयडियाच मला पटत नाही, त्यापेक्षा चांगला रीमॅप बरा.

रीमॅपमध्ये ईसीयूच्या आतलेच आकडे बदलतात: बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), रेल प्रेशर, इंजेक्शनचा वेळ, टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) लिमिट, पेट्रोलमध्ये इग्निशन टायमिंग. कंपनीने खराब इंधन, चोंदलेला फिल्टर, मे महिन्यातला ४२ डिग्रीचा दिवस आणि फुल लोड हे सगळं धरून मधे मार्जिन सोडलेली असते, स्टेज १, म्हणजे बाकी पार्ट न बदलता केलेला नुसता रीमॅप, ती मार्जिन वापरतं. एकटेच कॉलेज रोडला फिरत असाल तर कदाचित कधी काही जाणवणार नाही. पण पाच माणसं, सामान, एसी चालू आणि एप्रिलच्या दुपारी कसारा घाट चढताय, तेव्हा ती मार्जिन खरोखर लागते.

गिअरबॉक्सचं तर लोक बघतच नाहीत. फोक्सवॅगन-स्कोडाचा ७ स्पीड ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डीक्यू २००, त्याची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन कंपनीतूनच २५० देतं. म्हणजे शिल्लक शून्य. त्यावर रीमॅप केला आणि क्लच पॅक गेला तर भांडायला मुद्दाच उरत नाही. १.० टीएसआय १७८ देतं, तिथे थोडी तरी जागा आहे. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स किती टॉर्कसाठी बनवलाय हे ट्यूनरला विचारा, त्याला सांगता आलं नाही तर चहा पिऊन परत या.

डीपीएफ काढणं, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करणं, कॅट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर) काढणं यावर जास्त लिहीत नाही. करू नका. वॉरंटी तर जातेच, बीएस ६ गाडीचं प्रदूषणाचं सगळं गणितच बिघडतं आणि ते बेकायदेशीर आहे.

कळतं कसं

"स्टॉक फाइल परत टाकली की कोणाला कळत नाही" ही जुन्या गाड्यांची गोष्ट. आता ईसीयूच्या सॉफ्टवेअरला एक कॅलिब्रेशन नंबर असतो आणि त्याच्यासोबत एक चेक करायचा कोड, सीव्हीएन म्हणतात त्याला, मॅपमधला एक आकडा जरी बदलला तरी हा कोड बदलतो. बऱ्याच ईसीयूमध्ये किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याचा काउंटर असतो, स्टॉक फाइल परत टाकली तर तो उलटा फिरत नाही, अजून एकने वाढतो. फोक्सवॅगन ग्रुपमध्ये बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीवर टीडी १ नावाचा शिक्का बसतो, मग पुढे इंजिनच्या क्लेमच्या वेळी तो आधी दिसतो. कनेक्टेड कार असेल तर गाडी स्वतःच डेटा पाठवत असते, ते वेगळंच.

बॉक्सवाल्यांचं सांगतो. ओळखीतल्या एकाची डिझेल एसयूव्ही, टर्बो शिट्टी मारायला लागला म्हणून सर्व्हिस सेंटरला लावली. बॉक्स आदल्या रात्री घरीच काढलेला. अ‍ॅडव्हायझरने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि रेल सेन्सरच्या कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर) बोट फिरवलं. बाकी सगळ्या वायरिंगवर नाशिक-पुणे हायवेची लाल धूळ बसलेली, हा एकच कपलर स्वच्छ, त्याचं लॉक थोडं तुटलेलं आणि शेजारच्या पाइपवर झिप टायचा ताजा ओरखडा. त्याने काही न बोलता फोटो काढले. जॉब कार्डवर "बाहेरील वायरिंग काम आढळले" एवढंच लिहिलं आणि पुढचे सगळे ईमेल त्या एका ओळीभोवती फिरत राहिले. म्हणून लपवाछपवीच्या भानगडीत पडू नका. खोटं पकडलं गेलं की ज्या क्लेमचा ट्यूनशी संबंध नव्हता तोही संशयाने बघतात.

अजून एक, सर्व्हिस सेंटरवाले न विचारता सॉफ्टवेअर अपडेट टाकतात. त्यात तुमचा रीमॅप पुसला जातो, आणि ट्यूनरने ईसीयूला लॉक मारलेलं असेल तर अपडेट मधेच अडकून गाडी चालूच होत नाही. मग ट्यून केलीये हे सांगावंच लागतं. रीमॅप असेल तर जॉब कार्डवर "विचारल्याशिवाय ईसीयू अपडेट करू नये" असं लिहून घ्या.

तरीही करायचंच असेल तर

आधी पैशाचं बघा. शोरूमच्या स्पेअर काउंटरला जाऊन टर्बो, इंजेक्टरचा सेट, क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील यांचे रेट लिहून घ्या, लेबर धरून. रीमॅप २५-३० हजारांचा असेल, पण रीमॅपच्या दिवसापासून या यादीतली रक्कम तुमच्या खिशावर आलेली असते. ती झेपत असेल तर पुढे.

मग गाडी आहे तशी असताना सर्व्हिस सेंटरला पूर्ण स्कॅन करून घ्या आणि रिपोर्टची प्रिंट ठेवा. काही रिकॉल किंवा पेंडिंग अपडेट असेल तर ते आधी उरकून घ्या. आवाज, धूर, ऑइल कमी होणं असलं काहीही किरकोळ वाटत असेल तर त्याची तक्रार आत्ताच जॉब कार्डवर नोंदवा, कारण ट्यूनच्या आधी नोंदलेली तक्रार नंतर कामाला येते, नुसती तोंडी सांगितलेली येत नाही. ही पायरी लोक हमखास गाळतात.

ट्यूनरकडून तुमच्या ईसीयूमधून खरोखर वाचलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. काही जण गाडीतून वाचतच नाहीत, नंबरवरून सर्व्हरची फाइल उचलतात, तसं असेल तर तुमची मूळ फाइल कोणाकडेच नसते. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर गाडी नंबर आणि काय काम केलं ते लिहिलेलं हवं. "इंजिनला काही झालं तर आम्ही आहोत" असं म्हणाला तर तेच बिलामागे लिहून दे म्हणा, चेहरा बघा. आणि मॅप कोणत्या पेट्रोलसाठी लिहिलाय ते विचारा. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर लिहिलेला मॅप आणि त्र्यंबक रोडला मिळेल त्या पंपावरचं साधं पेट्रोल, यात नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल वेळेआधीच पेटून इंजिन ठोके मारतं.

नंतर सर्व्हिस वेळेवर, शक्यतो ऑइल थोडं लवकर, आणि सगळी बिलं जपून. एक सर्व्हिस चुकली तर कंपनीला ट्यूनचं कारणसुद्धा लागत नाही.

आरटीओ आणि इन्शुरन्सचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पेठ रोडला पासिंगला नेलेल्या गाडीचा कोणी ईसीयू वाचत बसत नाही हे खरं, पण मोठा अ‍ॅक्सिडेंट झाला की इन्शुरन्सचा सर्व्हेअर बारकाईने बघतो आणि न कळवलेला बदल हे त्याला आयतं कारण मिळतं.

क्लेम नाकारला तर

तोंडी "नाही" घेऊन घरी येऊ नका. कोणता पार्ट, काय बिघाड, ट्यूनशी त्याचा संबंध कसा, पुस्तकातलं कोणतं कलम, हे ईमेलवर मागा. स्कॅन रिपोर्टची कॉपी मागा. डीलरकडून उत्तर येईना तर कंपनीच्या कस्टमर केअरला तोच ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस चेन्नईत असो की गुरुग्राममध्ये, केस नाशकातच. वकील लावायलाच पाहिजे असं नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पण तिथे "बिघाड मूळचाच होता" हे दाखवायची जबाबदारी बहुतेक वेळा तुमच्यावर येते, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा रिपोर्ट लागतो. म्हणून पार्ट उघडण्याआधी फोटो-व्हिडिओ काढा, आपल्या बाजूचा माहितीतला माणूस हजर ठेवा, आणि स्वतःच्या पैशाने नवीन पार्ट टाकावा लागला तरी जुना टर्बो किंवा इंजेक्टर सर्व्हिस सेंटरला ठेवू देऊ नका. जॉब कार्डवर "जुना पार्ट ग्राहकाला परत" असं लिहून घ्या, सही घ्या आणि पार्ट पिशवीत बांधून घरी आणा, धुऊन वगैरे अजिबात ठेवू नका.