ग्रीन टीचा दुधातला मसाला चहा: उकळायचं काय आणि मुरवायचं काय

ग्रीन टी दुधात चांगला लागत नाही, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक घरांत तो आपल्या रोजच्या चहासारखाच केलेला असतो. आधण ठेवलं, साखर, आलं, पत्ती, दूध घातलं आणि दोन उकळ्या काढल्या. काळ्या चहाच्या सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून वळलेल्या, दाण्याला हे सगळं सोसतं, हिरव्या पानाला सोसत नाही. हा चहा चांगला करायचा तर तीन कामं वेगवेगळी करावी लागतात: मसाला पाण्यात उकळायचा, पत्ती उकळी थांबल्यावर मुरवायची आणि दूध दुसऱ्या भांड्यात तापवून शेवटी मिसळायचं. एक भांडं जास्त घासावं लागतं, पण चवीतला सगळा फरक तिथेच आहे.

दोन्ही चहा एकाच झुडपाचे. काळ्या चहाची पानं चुरगळून हवेत ठेवतात, ती तांबूस होतात आणि त्यातून रंग आणि कडकपणा येतो. हिरव्या चहात पान खुडल्यावर लवकरच वाफ किंवा कढईची आच देऊन ही क्रिया थांबवतात, म्हणून कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं पानात तशीच राहतात. कडकडीत पाण्यात ती भराभर उतरतात. ८० अंशांच्या आसपास ती बेताने उतरतात आणि पानाचा गोडसर, ओल्या गवतासारखा वास टिकतो. दुधातलं केसिन हे प्रथिन या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, त्यामुळे दूध घातलं की तुरटपणा मऊ होतो. पण पत्ती आधीच उकळून कडू झालेली असेल तर दूध तिला वाचवू शकत नाही.

पत्ती कुठली घ्यावी

आधी एक गोंधळ दूर करू. मंडईत पुदिना-कोथिंबिरीच्या शेजारी ‘हिरवा चहा’ म्हणून जी लांब पात्यांची जुडी मिळते, तो गवती चहा. त्याचा चहाच्या झाडाशी काही संबंध नाही आणि त्यात कॅफिनही नसतं. या कृतीत तो मसाला म्हणून येतो, पत्ती म्हणून नाही.

दुधासाठी कढईत भाजलेला, जरा भरड स्वभावाचा ग्रीन टी घ्या. गोळ्या वळलेला गनपावडर प्रकार उत्तम, कारण त्याला किंचित धुराची चव असते आणि मसाल्यापुढे ती दबत नाही. आसामचा किंवा कांगड्याचा साधा ग्रीन टीही चालतो. दार्जिलिंगचा नाजूक, महागडा ग्रीन टी दुधात घालू नका. त्याचा सुगंध वेलदोड्याखाली नाहीसा होतो, तो नुसत्या पाण्यातच प्यावा. वाफवलेल्या जपानी सेंचाला दुधात समुद्री शेवाळासारखा वास येतो आणि तो बहुतेकांना आवडत नाही. त्याच देशाचा भाजलेला होजिचा मिळाला तर जरूर घ्या. तो तपकिरी असतो, खमंग असतो आणि दुधाशी त्याचं छान जमतं.

टी-बॅगही चालतात, पण एका बॅगेत साधारण दीड-दोन ग्रॅमच पत्ती असते. कपाला एक घातली तर दुधात चव लागत नाही, दोन लागतात. लिंबाच्या स्वादाच्या बॅगा टाळा. त्यात सायट्रिक आम्ल असेल तर दूध नासतं, आणि नसलं तरी लिंबू आणि दूध हे जमत नाही.

दोन कपांचं माप

पाणी २५० मिली उकळायला आणि ६० मिली साधं, माठातलं, वेगळं काढून ठेवलेलं. दूध १०० मिली. ग्रीन टी ४ ग्रॅम, म्हणजे गोळ्यांची पत्ती असेल तर एक सपाट चहाचा चमचा, मोकळ्या पानांची असेल तर दोन भरून. मोकळी पानं जागा फार घेतात, म्हणून छोटा वजनकाटा असेल तर एकदा मोजून आपला चमचा ठरवून टाका.

मसाला: अर्धा इंच आलं, तीन वेलदोडे, बोटाच्या पेराएवढा दालचिनीचा तुकडा, दोन मिरी, पाव चमचा बडीशेप आणि चार बोटं लांब गवती चहाचं एक पातं. लवंग घालायची तर एकच, आणि तीही थंडीत. लवंगेचा जोर मोठा असतो, दुसरी पडली की चहाला दाताच्या औषधाचा वास येतो. बडीशेप मात्र वगळू नका. तिचा गोडवा हिरव्या पानाच्या तुरटपणाला नेमका पुरा पडतो, आणि त्यामुळे साखर कमी लागते. दोन कपांना दोन लहान चमचे साखर पुरे.

पुण्यातल्या अमृततुल्यची सवय जिभेला असेल तर तिथला वेलदोडा-सुंठ-जायफळाचा मेळ इथेही साधतो. पण प्रमाण निम्म्यावर आणा. तो मसाला भरपूर दुधाच्या, उकळलेल्या कडक चहासाठी बेतलेला असतो. बाजारचा तयार चहा मसाला वापरायचा झाल्यास दोन कपांना दोन चिमूट, त्याहून जास्त नको. त्यातली सुंठेची बारीक पूड गाळणीतून निसटते आणि कपाच्या तळाशी गाळ बसतो.

कृती

दालचिनी, मिरी आणि बडीशेप खलबत्त्यात ओबडधोबड कुटा. मिक्सरमधून पूड करू नका, गाळताना त्रास होतो. आलं वेगळं ठेचा. वेलदोडे सालीसकट फोडून बाजूला ठेवा.

२५० मिली पाण्यात कुटलेला मसाला, आलं आणि साखर घालून मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं उकळू द्या. दालचिनी आणि मिरी सावकाश उतरतात, त्यांना हा वेळ लागतोच. शेवटची दोन मिनिटं राहिली की गवती चहाचं पातं दुमडून, गाठ मारून टाका, आणि शेवटच्या मिनिटाला वेलदोडे. वेलदोड्याचा वास उडून जाणारा असतो. तो सुरुवातीपासून उकळला तर स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात काही उरत नाही. पाणी आटून २०० मिलीच्या आसपास आलेलं असावं. पातेलं रुंद असेल तर जास्त आटतं, म्हणून पहिल्या वेळी मापाच्या भांड्यात ओतून बघा.

गॅस बंद करा आणि बाजूला काढलेलं ६० मिली साधं पाणी त्यात ओता. या कृतीतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. अशा २०० मिली पाण्यात २५ अंशांचं ६० मिली पाणी मिसळलं की तापमान ८१-८२ वर येतं. थर्मामीटर नको, घड्याळ नको. डिसेंबरच्या सकाळी माठाचं पाणी फार गार असेल तर ५० मिली पुरे. जास्त कप करायचे असतील तर हेच प्रमाण ठेवा, अर्धा लिटर काढ्याला दीडशे मिली साधं पाणी. मसाला मात्र त्या पटीत वाढवू नका; कप दुप्पट केले तर मसाला दीडपट पुरतो.

आता पत्ती घाला, एकदा ढवळा आणि झाकण ठेवून तीन मिनिटं मुरवा. टी-बॅगेतली पत्ती बारीक असते, तिला दोनच मिनिटं द्या. गाळताना चमच्याने चोथा दाबू नका. दाबल्यावर जे शेवटचे दोन चमचे निघतात, त्यातच सगळ्यात जास्त कडवटपणा असतो.

पत्ती मुरत असताना दुसऱ्या भांड्यात दूध तापवा. वर यायला लागलं की उतरवा. गाळलेल्या चहात हे गरम दूध ओता, ढवळा आणि लगेच प्या. मिसळल्यावर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. फ्रिजमधलं गार दूध घातलं तर चहा कोमट होतो, मग तो तापवायचा मोह होतो आणि इतका वेळ जे सांभाळलं ते वाया जातं.

रंग बघून बिचकू नका. हा चहा फिकट, पिवळसर-शेवाळी दिसतो. तो नेहमीच्या चहासारखा तांबूस होणार नाही, आणि रंग यावा म्हणून आणखी उकळणं ही या चहातली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

दूध आणि पाणी

गाईचं दूध इथे जास्त बरं. म्हशीच्या दुधातलं स्निग्धांश पानाची चव झाकून टाकतं आणि मग नुसतं मसाला दूध प्यायल्यासारखं वाटतं. घरात म्हशीचंच दूध येत असेल तर ७० मिली घ्या आणि वरचं ३० मिली पाणी घाला. साय आधी काढून ठेवा, कपात साईचे तुकडे आले की पानाचा वास मरतो. ओट मिल्क चालतं. सोया मिल्क गरम चहात पुष्कळदा फाटतं.

खडकवासल्याचं नळाचं पाणी चहाला चांगलं आहे. टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये मात्र पाणी बहुधा जड असतं. त्यातल्या कॅल्शियममुळे चहावर पातळ तवंग येतो, तो कपाच्या कडेला चिकटतो आणि चव मंद होते. अशा घरी चहापुरतं तरी फिल्टरचं पाणी वापरा.

काय बिघडतं

दूध फाटलं तर पत्तीला दोष देण्याआधी आलं बघा. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते कोमट-गरम दुधातली प्रथिनं तोडून दूध घट्ट करतं. दक्षिण चीनमध्ये याच गुणावर आल्याच्या रसाने दूध विरजल्यासारखं लावून गोड पदार्थ करतात. पाच मिनिटांच्या उकळीत हे विकर निकामी होतं. म्हणून आलं नेहमी पाण्यात आधी उकळायचं, शेवटी वरून किसायचं नाही. गूळ हे दुसरं कारण. तो दुधाबरोबर उकळला तर दूध नासू शकतं. गूळ घालायचाच असेल तर साखरेच्या जागी काढ्यात विरघळवा; या कृतीत दूध शेवटी पडतं आणि नंतर उकळत नाही, त्यामुळे सहसा निभावतं. चवीचं विचाराल तर गुळाचा स्वाद या पत्तीला जड होतो, साखरच बरी.

कडू झाला असेल तर पाणी फार गरम होतं किंवा पत्ती जास्त वेळ राहिली. पानचट लागला तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. वेळ वाढवून कडकपणा येत नाही, कडवटपणा येतो. वास कुबट असेल तर पत्ती जुनी झाली आहे. ग्रीन टी काळ्या चहापेक्षा लवकर शिळा होतो, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तर फारच लवकर. पुडा फोडल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. उघडलेला पुडा फ्रिजमध्ये ठेवू नका. काढघाल करताना पानांवर दमट हवा बसते आणि फ्रिजमधले सगळे वास ती ओढून घेतात.

कडूपणा मारायला चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात, तेही करू नका. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि पानातली द्रव्यं तांबडी होतात. काश्मीरचा नून चाय नेमका याच गुणावर उभा आहे. तिथे हिरवी पत्ती सोड्याबरोबर बराच वेळ उकळतात, मध्ये गार पाणी घालून घुसळतात, आणि दूध पडलं की सुंदर गुलाबी रंग येतो. पण तो खारा चहा आहे, त्याची पत्ती आणि रीत वेगळी.

कधी प्यावा, किती ठेवावा

वजन कमी व्हावं म्हणून हा चहा करणार असाल तर दूध-साखरेचा हिशेब नेहमीच्या चहासारखाच धरा, पत्ती बदलल्याने तो बदलत नाही. यातही कॅफिन असतंच, तेव्हा झोप हलकी असणाऱ्यांनी संध्याकाळनंतर टाळावा. जेवणाबरोबर कुठलाच चहा घेऊ नये. अन्नातलं लोह त्यामुळे कमी अंगी लागतं, आणि ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी तर जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं.

थर्मासमध्ये हा चहा अर्धा तास बरा राहतो, पुढे काळपट होतो. पाहुणे येणार असतील तर पत्तीशिवाय नुसता मसाल्याचा काढा आदल्या दिवशी करून, गाळून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस टिकतो. ऐन वेळी उकळी आणा, साधं पाणी ओता आणि पुढे तीन मिनिटांचं काम. काढा असा आधीच गाळलेला असला की पत्ती मसाल्यात मिसळत नाही आणि तीच पानं दुसऱ्यांदाही वापरता येतात, फक्त दूध न घालता, नुसत्या गरम पाण्यात. मग तो चोथा कुंडीत घालायचा तर आधी धुऊन घ्या. साखर राहिली तर मुंग्या लागतात.