भाऊ, मना पैसा कोठे ग्यात? बँकेच्या रोजच्या भानगडी आणि त्यावर काय करायचं

अमळनेरकडच्या एका गावात मी बँक मित्राचं काम करतो, लोक अंगठा लावून पैसे काढायला येतात आणि हेच वाक्य दिवसभर कानावर पडतं. बऱ्याच वेळा पैसे कुठं गेलेले नसतात, पासबुकात एका ओळीत सगळं लिहिलेलं असतं पण ती ओळ कोणी वाचत नाही, डायरेक्ट खालचा बॅलन्स बघतात. म्हणून पहिलं काम, पासबुक छापून घ्या आणि एंट्री वाचा.

मे-जूनमध्ये हमखास येणारा प्रश्न म्हणजे "४३६ रुपये कोणी कापले?" ही जीवन ज्योती विमा योजना आहे आप्पा, सोबत २० रुपये कापले असतील तर ती सुरक्षा विमा योजना. पहिलीत मृत्यू कसाही झाला तरी वारसाला २ लाख, दुसरीत अपघाती मृत्यूला २ लाख. नको असेल तर शाखेत अर्ज देऊन बंद करता येते पण माझं मत विचाराल तर करू नका, उलट घरात सांगून ठेवा, कारण माणूस गेल्यावर घरच्यांना माहीतच नसतं की असा काही विमा होता आणि क्लेम कोणी करतच नाही.

लाडकी बहीण, पीएम किसानचे पैसे "आले नाहीत" म्हणून येतात त्यांचं वेगळंच निघतं. हे पैसे आधारवर जातात, म्हणजे तुम्ही फॉर्ममध्ये कोणतं खातं लिहिलं त्याला अर्थ नाही, आधार शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं, म्हणजे खात्याला जोडलं गेलं, तिथं पडतात. कधीतरी बाजारात कोणी छत्रीखाली बसून फुकट खातं उघडून दिलेलं असतं ना, बघा त्यातच सापडतील. माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे तिथं बँकेचं नाव दिसतं. बदलायचं असेल तर जी बँक पाहिजे तिच्यात जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा. आणि केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं समजू नका, दोन्ही वेगळं.

दोन वर्षं खात्यात तुम्ही स्वतः काही टाकलं-काढलं नाही तर बँक खातं झोपवते. परत चालू करायला आधार, पॅन, फोटो घेऊन जायचं, त्याचा चार्ज लागत नाही, कोणी मागितला तर पावती मागा, मग बघा.

फोन पे, गुगल पेचं आता. पैसे कापले गेले पण समोरच्याला पोचले नाही, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा मारू नका. माणसाला पाठवलेले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानाचे असतील तर पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यापुढे रोजचे १०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. अॅपमध्ये त्या व्यवहाराखाली १२ आकडी नंबर असतो तो लिहून घ्या, बँकेत "परवा संध्याकाळी मारले होते" सांगून काही होत नाही, तो नंबर सांगितला की साहेब लगेच कॉम्प्युटरकडे वळतो. पण तुम्हीच चुकीच्या माणसाला पाठवले तर मात्र बँक त्याच्या खात्यातून परस्पर काढू शकत नाही, त्याची संमती लागते, तक्रार टाकायची आणि पाठपुरावा करायचा.

फसवणूक झाली तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, तो करून मग बँक, मग बाकीचं. पाहुण्यांना विचारत बसू नका, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या पुढच्या खात्यात सरकतात. सध्या व्हॉट्सअॅपवर पीएम किसान किंवा गाडीचं चलन अशा नावाची फाईल येते, शेवटी एपीके लिहिलेलं असतं, ती उघडायचीच नाही. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन पैसे द्यायला नाहीतर बॅलन्स बघायला लागतो, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चार वेळा सांगा.

पीक कर्जाला जरा जास्त वेळ देतो कारण नुकसान इथंच मोठं होतं. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की सवलत गेली. तेव्हा कर्ज उचलतानाच सोसायटीच्या सेक्रेटरीकडून किंवा बँकेतून शेवटची तारीख लिहून घ्या, शेजाऱ्याची विचारू नका, त्याची कपाशी आणि तुमची केळी, मुदत पिकाप्रमाणे बदलते. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण मागायचं नाही असंही ठरलेलं आहे.

भरून झालं म्हणजे संपलं नाही! सातबारा काढून इतर हक्कात बघा, कर्जाचा बोजा तसाच दिसतो. बँकेकडून निल दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा कागद घ्यायचा, बोजा कमी करायचं पत्र घ्यायचं आणि तलाठ्याकडे किंवा सरकारच्या ई-हक्क साईटवर अर्ज टाकायचा, फेरफार मंजूर झाला की नवीन उतारा काढून फाईलला लावा. हे काम राहून जातं आणि पोरीच्या लग्नाला जमीन विकायला काढली का तेव्हा आठवतं.

थकलेल्या कर्जात "अर्धे भरा, सेटलमेंट करून टाकू" म्हणून फोन येतात. करा, पण सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जाच्या रेकॉर्डवर, क्लोज्ड नाही तर सेटल्ड असं लागतं आणि पुढे ट्रॅक्टरला, घराला कर्ज मागितलं की तेच आडवं येतं. सिबिल वर्षातून एकदा फुकट बघता येतं, त्याला पैसे देऊ नका. जामीनदार म्हणून सही केली असेल तर ते कर्जही तुमच्याच रिपोर्टात दिसतं, भाऊबंदकीत नाही म्हणता येत नाही हे मलाही कळतं पण सहीच्या आधी रक्कम तरी विचारा.

एफडी ठेवताना एकच विचारायचं, ही बँक आहे का पतसंस्था? बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विम्यात येते, पतसंस्थेला तो विमा नाही. आपल्या भागात पतसंस्थेत अडकलेले पैसे घराघरात आहेत, त्यामुळे एक टक्का जास्त व्याजाचं कौतुक मला सांगू नका.

आणि शाखेत कोणी ऐकतच नसेल तर तोंडी भांडण नको, दोन प्रतीत अर्ज लिहा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकता येते, फी नाही, वकील नको, माहितीसाठी नंबर १४४४८. तिथं तोच शिक्क्याचा कागद लागतो.