आर्मेनियन मजकूर पडद्यावर सुवाच्य दिसावा आणि सहज टाईप करता यावा, यासाठी काय करावे

आर्मेनियन लिपी इसवी सन ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी रचली, तेव्हा तिच्यात ३६ अक्षरे होती. मध्ययुगात ‘ओ’ आणि ‘फे’ या दोन अक्षरांची भर पडली. सोव्हिएत काळातील लेखनसुधारणेनंतर ‘येव’ हे जोडचिन्हही वर्णमालेत मोजले जाऊ लागले आणि त्यामुळे आज आर्मेनियातील मुले ३९ अक्षरे शिकतात. ही लिपी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते, तिच्यात काना, मात्रा, वेलांटी नाही, आणि रोमन लिपीप्रमाणे प्रत्येक अक्षराची मोठी व लहान अशी दोन रूपे असतात. संगणकाच्या दृष्टीने ती देवनागरीपेक्षा बरीच सोपी आहे. असे असूनही येरेवानला वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थी, कोलकाता किंवा चेन्नई येथील आर्मेनियन चर्चमधील कोरीव लेख उतरवून घेणारा अभ्यासक आणि आर्मेनियन भाषेत पान तयार करणारा संकेतस्थळचालक हे तिघेही सुरुवातीला अडखळतात. अडचण बहुधा अक्षरांच्या आकारापेक्षा त्यामागच्या संकेतांत असते, म्हणून दिसायला बरोबर पण आतून चुकीचे असे अक्षर टाईप होऊ न देणे हेच या कामातील मुख्य सूत्र समजावे.

बिघाड कोणता ते आधी ओळखावे

मजकूर वाचता येत नसेल, तर फॉन्ट शोधायला निघण्यापूर्वी पडद्यावर नेमके काय दिसते आहे ते पाहावे. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे आणि फक्त फॉन्टची कमतरता आहे. विंडोजवरील ‘सिल्फाएन’ व ‘सेगो यूआय’ या फॉन्टमध्ये आर्मेनियन अक्षरे आहेत. अन्यथा ‘नोटो सॅन्स आर्मेनियन’ किंवा ‘नोटो सेरिफ आर्मेनियन’ विनामूल्य उतरवून घ्यावा, म्हणजे चौकटी नाहीशा होतात.

सर्वत्र प्रश्नचिन्हेच दिसत असतील, तर मजकूर साठवताना किंवा पाठवताना मूळ अक्षरे पुसली गेली आहेत. त्यावर इलाज नाही. मूळ प्रत पुन्हा मागवावी.

तिसरा प्रकार अधिक मनोरंजक आहे. डोक्यावर चिन्हे असलेली रोमन अक्षरे, मधूनच पाव-अर्ध्याची अपूर्णांकचिन्हे आणि जागोजागी वर चढवलेला छोटा तीनचा आकडा असे काही दिसले, तर तो मजकूर ‘आर्मस्की-८’ या जुन्या संकेतप्रणालीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, लिहिलेला आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. या प्रणालीत लहान ‘आयब’, म्हणजे आर्मेनियनमधील ‘आ’, ज्या क्रमांकावर आहे, त्याच क्रमांकावर पश्चिम युरोपीय प्रणालीत तो छोटा तीन बसतो. आणि ‘आ’ हे आर्मेनियनमध्ये सतत येणारे अक्षर असल्याने तो तीनही सतत दिसतो. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची एकच संकेतप्रणाली, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या ठरावीक फॉन्टवाचून उघडत नसे, त्या काळाची ज्यांना आठवण आहे त्यांना हे दुखणे नवे वाटणार नाही. येथे जुना फॉन्ट शोधून बसवणे हा कच्चा उपाय आहे, कारण त्याने मजकूर दिसतो, पण शोधता येत नाही आणि दुसऱ्याला पाठवता येत नाही. लिनक्स व मॅकवर उपलब्ध असलेल्या ‘आयकॉन्व्ह’ या साधनाला मूळ प्रणाली आर्मस्की-८ आणि इच्छित प्रणाली यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) असे सांगून फाईल एकदाच कायमची बदलून घ्यावी. मात्र तो विस्कटलेला मजकूर कोणी तशाच रोमन रूपात नक्कल करून यूटीएफ-८ मध्ये साठवला असेल, तर त्याला आधी पश्चिम युरोपीय प्रणालीत परत न्यावे लागते आणि मगच आर्मस्कीकडून पुढची पायरी घ्यावी लागते.

कळफलक निवडताना

आर्मेनियन भाषेची दोन प्रमाण रूपे आहेत. पूर्वेकडील रूप आर्मेनिया प्रजासत्ताकात आणि इराणमधील आर्मेनियन समाजात चालते, तर पश्चिमेकडील रूप लेबनॉन, तुर्कस्तान, फ्रान्स, अमेरिका अशा ठिकाणी विखुरलेल्या समाजात वापरले जाते. अक्षरे तीच असली, तरी काही व्यंजनांचे उच्चार अदलाबदल झाल्यासारखे आहेत: पूर्वेत ज्याचा उच्चार ‘ब’ होतो, ते ‘बेन’ अक्षर पश्चिमेत ‘फ’च्या जवळ जाते आणि पूर्वेतील ‘पे’ तेथे ‘ब’ होते. उच्चारावर आधारलेल्या कळफलकात याचा थेट परिणाम होतो, कारण ‘बी’ची कळ दाबल्यावर दोन मांडण्यांत दोन वेगळी अक्षरे उमटतात. म्हणून आपण कोणासाठी लिहिणार आहोत ते आधी ठरवावे. नवशिक्याने, विशेषतः आर्मेनियात राहायला जाणाऱ्याने, पूर्वेकडील रूपच घ्यावे. पुढील विवेचनही त्याच रूपाचे आहे.

विंडोजमध्ये सेटिंग्जमधील वेळ व भाषा या विभागात जाऊन आर्मेनियन भाषा जोडावी, नंतर तिच्या पर्यायांत कळफलक जोडण्याची सोय उघडून ‘आर्मेनियन फोनेटिक’ हा उच्चारावर आधारलेला कळफलक निवडावा. तेथेच टाईपरायटरची मांडणी आणि पूर्वेकडील व पश्चिमेकडील अशा दोन जुन्या मांडण्याही दिसतील. ज्याचा हात टाईपरायटरवर बसलेला नाही त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. मॅकवर कळफलकाच्या सेटिंगमधील इनपुट सोर्स या यादीत, आयफोनवर जनरलमधील कीबोर्ड या भागात आणि अँड्रॉइडवर जीबोर्डच्या भाषांच्या यादीत आर्मेनियन मिळते. अक्षरांचे स्टिकर विकत घेऊन कळांवर चिकटवण्यापेक्षा विंडोज, कंट्रोल आणि ‘ओ’ या तीन कळा एकत्र दाबून पडद्यावरचा कळफलक उघडा ठेवावा. कोणत्या कळेवर काय आहे ते त्यावर दिसत राहते, आणि शिफ्ट दाबल्यावर काय बदलते तेही कळते.

ध्वनीवरून कळ शोधणे

फोनेटिक मांडणीत बहुतेक अक्षरे आपल्या ओळखीच्या रोमन कळांवर असतात, परंतु ‘येव’ धरले नाही तरी ३८ अक्षरे २६ कळांत मावत नाहीत. उरलेली अक्षरे आकड्यांच्या रांगेत आणि कंसांच्या कळांवर ढकललेली असतात. आकड्याची कळ दाबली आणि अक्षर उमटले तर कळफलक बिघडला असे समजू नये. आकडे हवे असल्यास तेवढ्यापुरते इंग्रजी मांडणीवर यावे किंवा शेजारचा वेगळा अंकफलक वापरावा.

कोणती अक्षरे अशी बाजूला पडतात हे लक्षात ठेवणे मराठी भाषकाला इतरांपेक्षा सोपे जाते. पूर्वेकडील आर्मेनियनमध्ये ब-प-फ, द-त-थ आणि ग-क-ख अशी त्रिकुटे आहेत, आणि अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्या कानाला जन्मतःच ठाऊक आहे. ब, प, द, त, ग, क ही अक्षरे नेहमीच्या रोमन कळांवर मिळतात, ‘ख’साठी ‘क्यू’ची कळ आहे, ‘थो’ आणि ‘फ्युर’ ही महाप्राण अक्षरे आकड्यांच्या रांगेत गेलेली आहेत. इंग्रजी माध्यमातून शिकणारा परदेशी विद्यार्थी ‘त्युन’ आणि ‘थो’ यांत वारंवार गोंधळतो, तसे आपले होण्याचे कारण नाही.

याहून मोठी सोय पुढे आहे. ‘चमचा’मधला च आणि ‘चार’मधला च, ‘जाड’मधला ज आणि ‘जीवन’मधला ज हे मराठीत वेगळे उच्चारले जातात, पण लिहिताना आपण दोहोंसाठी एकच अक्षर वापरतो. आर्मेनियनमध्ये यांना स्वतंत्र अक्षरे आहेत: ‘चमचा’तल्या ‘च’साठी ‘त्सा’, ‘चार’मधल्या ‘च’साठी ‘चे’, ‘जाड’मधल्या ‘ज’साठी ‘द्झा’ आणि ‘जीवन’मधल्या ‘ज’साठी ‘जे’. यांचे महाप्राण भाऊ, म्हणजे ‘छ’सारखे एक अक्षर आणि ‘त्स’चे महाप्राण रूप असलेले ‘त्सो’, हेही वेगळे आहेत; त्यातले ‘त्सो’ मराठी कानाला नवे असल्याने तेवढे मुद्दाम घोटावे लागते, आणि त्याची कळ ‘सी’ ही आहे. घशातून येणारा ग ‘एक्स’च्या कळेवर असतो.

ऐकून टाईप करणाऱ्याची चूक दोन ठिकाणी होते. शब्दाच्या आरंभी ‘ये’ ऐकू आला तर ‘येच’ हे अक्षर, आणि नुसता ‘ए’ ऐकू आला तर ‘ए’ हे अक्षर लिहावे. शब्दाच्या मध्यात मात्र ‘ए’ ऐकू आला तरी बहुधा ‘येच’च लिहितात. ‘वो’ आणि ‘ओ’ या जोडीचेही तसेच आहे, मात्र ‘कोण’ या अर्थाचा शब्द यासारखे थोडे अपवाद पाठ करावेत. दुसरी चूक व्यंजनांच्या मधल्या अस्फुट ‘अ’ची. बोलताना तो स्पष्ट ऐकू येतो, पण लिहिताना बहुतेकदा गाळतात, त्यामुळे लेखनात पाच-पाच व्यंजने सलग दिसतात. ‘वाय’च्या कळेवर हा ‘अ’ उपलब्ध आहे म्हणून तो प्रत्येक ठिकाणी भरू नये. ‘उ’ या स्वराला स्वतंत्र संकेत नाही. ‘वो’ आणि ‘ह्युन’ ही दोन अक्षरे एकामागून एक टाईप करावीत.

विरामचिन्हे: येथे घाई करू नये

आर्मेनियनमध्ये पूर्णविरामासाठी एकावर एक असे दोन ठिपके देतात आणि त्याला ‘वेर्जाकेत’ म्हणतात. तो हुबेहूब रोमन कोलनसारखा, आपल्या विसर्गासारखा दिसतो, म्हणून कित्येक आर्मेनियन भाषकसुद्धा कोलनच दाबून मोकळे होतात. डोळ्याला फरक जाणवत नाही. संगणकाला मात्र वाक्य संपल्याची खूण मिळत नाही, आणि मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या किंवा भाषांतर करणाऱ्या यंत्रणेपुढे दोन वाक्ये एकत्र येऊ शकतात. युनिकोडमध्ये वेर्जाकेतला ०५८९ हा स्वतंत्र क्रमांक आहे आणि तोच वापरावा. एकेरी ठिपका या लिपीत वाक्य संपवत नाही. तो स्वल्पविरामापेक्षा मोठ्या थांब्याचे काम करतो. अवतरणासाठी दुहेरी कोनी चिन्हे वापरतात.

प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी येत नाही. ज्या शब्दावर प्रश्नाचा रोख असतो, त्याच्या शेवटच्या स्वराच्या वर उजवीकडे ते लावतात. उद्गारचिन्ह आणि आघातचिन्ह यांचेही स्थान असेच असते. टाईप करताना आधी स्वर, लगेच चिन्ह आणि मग शब्दाची उरलेली अक्षरे असा क्रम ठेवावा. स्वर ‘उ’ असेल, तर त्याची दोन्ही अक्षरे झाल्यावर चिन्ह द्यावे. फोनवर ही चिन्हे विरामचिन्हांच्या कळेवर बोट दाबून धरल्यास मिळतात.

यातून एक अडचण उद्भवते, जी आर्मेनियन मजकुरात शोध घेणाऱ्याला माहीत असली पाहिजे. चिन्ह शब्दाच्या पोटात शिरल्यामुळे ‘काय’ या अर्थाचा साधा शब्द शोधला असता, प्रश्नचिन्हासह लिहिलेला तोच शब्द साध्या शोधात सापडत नाही. आपल्या संकेतस्थळावर शोधाची सोय असेल, तर तुलना करण्यापूर्वी ही तीन चिन्हे गाळण्याची सूचना तंत्रज्ञाला अवश्य द्यावी.

‘येव’ या जोडचिन्हाचे मोठे रूप असेच फसवे आहे. आर्मेनियातील प्रचलित लेखनानुसार ते ‘येच’ आणि ‘वेव’ असे होते, पारंपरिक लेखनानुसार ‘येच’ आणि ‘ह्युन’ असे. शीर्षके आपोआप मोठ्या अक्षरांत करणारी सोय अनेकदा दुसरे रूप देते. म्हणून शीर्षक हवे तसे हाताने टाईप करावे आणि ती सोय बंद ठेवावी.

पान सुवाच्य करणे

संकेतस्थळावर मजकूर यूटीएफ-८ मध्येच ठेवावा आणि पानाच्या भाषेचा संकेत पूर्वेकडील रूपासाठी ‘एचवाय’, पश्चिमेकडील रूपासाठी ‘एचवायडब्ल्यू’ असा द्यावा. फॉन्ट वाचकाच्या यंत्रावर असेलच असे गृहीत न धरता पानासोबत पाठवावा. आर्मेनियनमधील पुष्कळ लहान अक्षरे एकाच उभ्या दांड्यावर आणि कमानीवर उभी आहेत, आणि त्यांतला भेद एखाद्या छोट्या शेपटीने किंवा आडव्या रेघेने होतो. ‘गिम’ आणि ‘झा’ किंवा ‘रे’ आणि अस्फुट ‘अ’ही शेजारी ठेवून पाहिल्यास हे लगेच ध्यानात येते. त्यामुळे अरुंद, फार ठळक किंवा तिरका फॉन्ट मुख्य मजकुराला घेऊ नये, अक्षरे शेजारच्या रोमन मजकुरापेक्षा किंचित मोठी ठेवावीत आणि वर-खाली जाणाऱ्या दांड्यांसाठी ओळींत मोकळे अंतर सोडावे. सजावटीचे, हस्तलिखितांच्या वळणाचे फॉन्ट शीर्षकापुरते ठीक आहेत.

आर्मेनियन शब्द प्रत्यय जोडत लांबत जातात, म्हणून फोनच्या अरुंद पडद्यावर ओळीच्या उजवीकडे मोठ्या रिकाम्या जागा राहतात आणि शब्द आपोआप तोडण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. ओळीअखेर शब्द जर त्या अस्फुट ‘अ’पाशी तुटत असेल, तर एरवी न लिहिला जाणारा तो ‘अ’ तेथे लिहावा लागतो, आणि हे जाणणारी स्वयंचलित यंत्रणा क्वचितच हाताशी असते. ओळी डावीकडून जुळवून उजवी कड मोकळी सोडावी. पान तयार झाल्यावर त्यातील एक प्रश्नार्थक वाक्य, ‘येव’ असलेले एक शीर्षक आणि वेर्जाकेतने संपणारा एक परिच्छेद घेऊन तो फोनवर, विंडोजवर आणि मॅकवर उघडून पाहावा, आणि त्यातलाच एखादा शब्द कळफलकाने पुन्हा टाईप करून पानावर शोधून पाहावा. सापडला नाही, तर कुठेतरी आर्मेनियन ‘ओ’च्या जागी रोमन ‘ओ’ किंवा ‘हो’च्या जागी रोमन ‘एच’ शिरला आहे का, ते अक्षर अक्षर तपासावे.