वाक्याच्या शेवटी ‘ऑन’ आलं तर येऊ द्या

इंग्रजीत प्रबंध लिहायला घेतला की कोणीतरी बजावतंच, वाक्य प्रिपोझिशनवर, म्हणजे ‘ऑन’, ‘टू’, ‘विथ’ अशा शब्दावर, संपवू नकोस. हा व्याकरणाचा नियम नाही. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या एका ओळीत ही खोड काढली. पुढे व्याकरणकार रॉबर्ट लाउथने १७६२ च्या व्याकरणात गंभीर लेखनासाठी प्रिपोझिशन आधी घेणं जास्त डौलदार ठरवलं, पण आपल्या भाषेचा कल दुसरीकडे आहे हे सांगताना स्वतःच ‘इन्क्लाइन्ड टू’वर थांबला! इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने तर १९२६ मध्ये याला अंधश्रद्धाच म्हटलं. तेव्हा निर्धास्त राहा.

धोका नियमात नाही, त्याच्या धसक्यात आहे. मी तिथेच अडकले, म्हणून जरा सविस्तर सांगते. ‘द मेथड वी रिलाय ऑन’ बरोबर. ‘द मेथड ऑन विच वी रिलाय’ हेही बरोबर. पण आपण मनात ‘ज्यावर’ म्हणत असतो, त्यामुळे ‘ऑन विच’ आपसूक येतं. ‘रिलाय ऑन’ जोडीनेच पाठ असतं. मग कागदावर उतरतं, ‘द मेथड ऑन विच वी रिलाय ऑन’. साफ चूक. धसका आणखी वाढला की शेवटचा ‘ऑन’ कापला जातो आणि ‘द मेथड वी रिलाय’ एवढंच उरतं. हे त्याहून वाईट, कारण वाचताना स्वतःला खटकतही नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण कराच. उपवाक्य सोडवून साधं वाक्य बनवा: ‘वी रिलाय ऑन द मेथड’. इथे ‘ऑन’ एकदाच आला, म्हणजे मूळ वाक्यातही एकदाच हवा, पुढे किंवा शेवटी. ‘विच’ आणि ‘हूम’ असलेलं प्रत्येक वाक्य असं तपासा. मी अजूनही तपासते. ‘पुट अप विथ’सारखी क्रियापदं मात्र फोडू नका, वाक्य हास्यास्पद होतं.

तपासणीचं सॉफ्टवेअर सुचवतं ते कारण कळल्याशिवाय स्वीकारू नका. समासात नुसतं ‘भाषा सुधारा’ लिहिणाऱ्या मार्गदर्शकालाही कारण विचारा. सांगता आलं नाही, तर ती बहुधा त्यांची आवड असते. आवड म्हणून पाळायला हरकत नाही, सही त्यांचीच लागते.

‘अँड’, ‘बट’ने वाक्य सुरू करणं, ‘टू’ आणि क्रियापदामध्ये क्रियाविशेषण घालणं, हेही चालतं. नियतकालिकाच्या सूचनांत मनाई असेल तरच बदला. त्यापेक्षा ‘डिस्कस अबाउट’ शोधून खोडा; तिथे ‘अबाउट’ लागतच नाही.