त्रेपन्न सांगितलं की मूल ३५ का लिहितं? दोन अंकी संख्या शिकवण्याची रीत

वर्गात 'त्रेपन्न लिहा' म्हणा आणि पाट्या बघत फिरा. चार-पाच पाट्यांवर ३५ सापडेलच. ही मुलं ढ नाहीत. कानावर आधी 'त्रे' पडलं म्हणून त्यांनी आधी ३ लिहिला. इंग्रजीत 'फिफ्टी थ्री', कन्नडमध्ये 'ऐवत्तमूरु', दोन्हींत पन्नास आधी येतात. मराठीत मात्र बोलायचं उजवीकडून आणि लिहायचं डावीकडून. हे शिकवणाऱ्याच्या डोक्यात पक्कं नसेल तर रंगीत तक्ते, टाळ्यांची गाणी आणि मोबाइलमधले खेळ काही कामाचे नाहीत.

काड्या, रबरं आणि दहा-दहाचे गठ्ठे झालेत असं धरते. दहा, वीस, तीस ते नव्वद ही नावं उलटसुलट विचारून पक्की करा. अकरा ते अठरा सरळ पाठ करून घ्या, त्यात फोड शोधत बसू नका.

आता खरी अडचण. पहिली काही वर्षं मीही तेच केलं जे सगळे करतात: शंभरपर्यंतची उजळणी, रोज दोनदा लिहून. वह्या सुंदर भरायच्या. एकदा एका मुलीच्या मागे उभी राहिले. ती वरून खाली आधी २, २, २, २ असा खांब उतरवत होती, मग शेजारी १, २, ३, ४ असा दुसरा. तिने एकवीस लिहिलंच नव्हतं, दोन खांब उभे केले होते. त्या दिवसापासून क्रमाने लिहून घेणं मी बंद केलं. तुम्हीही करा.

त्याऐवजी शेपटीचा खेळ घ्या. संख्येच्या नावाची शेपूट दशक सांगते: वीस, तीस, चाळीस, मग पन्न किंवा वन्न, सष्ट, हत्तर, ऐंशी, ण्णव. पहिल्या आठवड्यात मी फक्त शेपूट म्हणते. 'पन्न!' म्हटलं की मुलांनी पाच गठ्ठे उचलायचे. 'वन्न!' म्हटलं तरी पाचच, कारण बावन्न आणि त्रेपन्न एकाच घरातले. सष्टपाशी सगळी अडतात, कारण साठ आणि सत्तर दोघांतही स आहे. तिथे घाई करू नका. सष्ट साठचं, हत्तर सत्तरचं, एवढ्यावर माझे तीन दिवस जातात आणि ते वाया गेले असं मला कधी वाटलं नाही.

मग पूर्ण नाव. नियम एकच: शेपूट ऐकेपर्यंत पेन्सिल वर. 'त्रे…' म्हणून मी मुद्दाम थांबते. ज्याचा हात पाटीकडे गेला तो हसतो, कारण चूक त्याची त्यालाच कळते. 'पन्न' आलं की आधी ५, मग मागे राहिलेला ३. जोडीला कार्डं ठेवा: ५० चं लांब कार्ड, आणि शून्य झाकेल एवढं ३ चं छोटं कार्ड त्यावर. ५३ मध्ये ५० लपलेत हे मुलाला उचलून बघता येतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा त्याची पोटभर थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर तेव्हा हेच सांगत होत्या की उलटा क्रम आणि जोडाक्षरं मुलांना जड जातात. मी ती पद्धत कुबडीसारखी वापरते. 'पन्नास तीन, त्रेपन्न' असं महिनाभर जोडीने म्हणायचं, मग कुबडी काढायची. काढायला मात्र विसरू नका. बाजारात भाजीवाल्या मावशी त्रेपन्नच म्हणणार आहेत.

एकोणतीस, एकोणचाळीस वगैरे सगळ्यात शेवटी. आधी घेतलीत तर शेपटीचा नियम मोडतो आणि मुलं एकोणपन्नासला ५१ नाहीतर ५९ लिहितात. इथे व्याख्या सांगू नका. पाच गठ्ठे हातात द्या आणि म्हणा, 'यातली एक काडी मला दे.' गठ्ठा सोडल्याशिवाय काडी निघत नाही. उरतात चार गठ्ठे, नऊ सुट्या. 'पन्नासला एक कमी' हे मूल स्वतःच म्हणतं. नव्व्याण्णव तेवढं या रांगेत बसत नाही, ते वेगळं सांगा.

अक्षरी लेखनाची घाई नको. ज्याला अजून 'पुस्तक' वाचताना अडतं त्याला 'चौऱ्याहत्तर' वाचायला लावणं ही गणिताची परीक्षाच नव्हे. आकडा आणि उच्चार जुळू द्या, जोडाक्षरं भाषेच्या तासाला येतील तेव्हा अक्षरी लिहू द्या.

तपासायचं असेल तर सदुसष्ट आणि शहात्तर लागोपाठ सांगा आणि पाट्यांकडे नाही, हातांकडे बघा. पेन्सिल शेवटपर्यंत वर राहिली तर पुढचा धडा उघडा. नाहीतर गठ्ठे पुन्हा काढा.