चार किलोचा गोळा आणि हरवलेले दोन मीटर

सतराव्या वर्षी मी तीन किलोचा गोळा १३.८० मीटर टाकत होते. पुढच्याच सीझनला, चार किलोचा गोळा हातात घेऊन उतरलेल्या पहिल्या स्पर्धेत माझी सगळ्यात लांबची फेक ११.६२ भरली. पंचांनी आकडा पुकारला तेव्हा मी तोंड वर करून विचारलं, "सर, टेप पुन्हा बघता का?" त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा बघितली. ११.६२च होतं.

गोळा आणि थाळी नुकतीच हातात घेतलेल्यांना हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. या खेळात वर चढताना आकडा मध्येच धाडकन खाली येतो. मुलांच्या वाट्याला तर हे दोनदा येतं. १८ वर्षांखालील गटात ५ किलोचा गोळा, २० वर्षांखालील गटात ६ किलोचा आणि सीनियरला थेट ७.२६० किलोचा. त्यांची थाळीही दीड किलो, पावणेदोन किलो, मग दोन किलो अशी जड होत जाते. मुलींचं गणित वेगळं आहे. गोळा ३ वरून ४ किलोवर एकदाच जातो. थाळी मात्र १८ वर्षांखालील गटापासून ऑलिंपिकपर्यंत एक किलोचीच राहते.

या फरकाने मला चांगलंच फसवलं. त्या वर्षी माझी थाळी दर महिन्याला थोडी पुढे पडत होती आणि गोळा रुसून बसला होता. मी मनाशी ठरवूनही टाकलं, की आपण मुळात थाळीवाल्या, गोळा हा आपला प्रांतच नाही. थाळी तीच होती आणि गोळा एक किलोने वाढला होता, एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला सहा महिने गेले. माझ्या बरोबरीच्या दोघीतिघींनी याच काळात मैदान सोडलं. त्यातली एक माझ्यापेक्षा नक्की सरस होती.

आकडा एवढा का घसरतो? फेकीचं अंतर मुख्यतः गोळा हातातून सुटतानाच्या वेगावर ठरतं, आणि तेही साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दहा टक्क्यांनी कमी झाला की अंतर वीसेक टक्क्यांनी आटतं. तीन किलोचा गोळा नुसत्या खांद्याच्या जोरावरही बऱ्यापैकी लांब जातो. चार किलोचा गोळा असले लाड करत नाही. पाय, कंबर, छाती आणि सगळ्यात शेवटी हात हा क्रम चुकला की तो लगेच चुगली करतो. मला दंडात ताकद कमी पडतेय असं वाटत होतं. खरी गडबड पायात होती.

माझ्या प्रशिक्षक सरांनी ती नजरेने नाही, कानाने पकडली. ग्लाइडमध्ये, म्हणजे फेकीच्या दिशेला पाठ करून मागे सरकण्याच्या पद्धतीत, उजवा पाय वर्तुळाच्या मध्याशी पडतो आणि डावा पुढच्या लाकडी स्टॉप बोर्डपाशी. दोन्ही जवळजवळ एकदमच टेकायला हवेत. एक दिवस सरांनी मला गोळा खाली ठेवायला लावला, स्वतः वर्तुळाकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "कर." मी सरकले. "टक... टक," ते म्हणाले, "मधल्या वेळात वेग झोपला. परत." तीन आठवडे हेच. गोळा नाही, टेप नाही, फक्त काँक्रीटवर बुटांचा आवाज. "ट-टक" असा एकसंध आवाज येऊ लागल्यावरच गोळा परत हातात मिळाला. नवीन कुणी मला व्हिडिओ पाठवून "बघ ना काय चुकतंय" म्हणतं, तेव्हा मी आजही आधी डोळे मिटून तो ऐकते.

पकडीबद्दल थोडक्यात. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी बसतो. मानेला टेकलेला गोळा हनुवटीखालून ढकलत न्यायचा, खांद्याच्या मागे गेला तर फाउल. नाव गोळाफेक असलं तरी फेकायचा नाहीच तो. चेंडूसारखा फेकायला जाल तर कोपर महिनाभर बोलत राहील. सराव नीट चाललाय हे ओळखायचं असेल तर मानेवर खडूच्या पावडरीचा पांढरा ठसा आहे का पाहा, आणि तळहात स्वच्छ आहे का तेही.

थाळीत नवखी मुलं एकच चूक करतात, ती घट्ट धरतात. थाळी धरायची नसते, बोटांच्या शेवटच्या पेरांवर नुसती टेकलेली असते. हात फिरत राहिला की ती आपोआप चिकटून राहते. उजव्या हाताने टाकताना ती तर्जनीवरून सर्वांत शेवटी निसटते आणि वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. हे अंगात मुरायला पहिले पंधरा दिवस थाळी जमिनीवर घरंगळवा. सरळ रेषेत, न डगमगता तीस पावलं गेली की मग हवेत सोडा. आणि बक्षीस मिळाल्यासारखी महागडी, कडेला जास्त वजन असलेली थाळी लगेच घेऊ नका. ती नीट सुटली तर हवेत स्थिर राहते, पण तिला फिरवायला जो झटका लागतो तो सुरुवातीला कुणाकडेच नसतो.

दोन्हींतलं एक कधी निवडायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं मत ठाम आहे: सीनियर वजनावर दोन सीझन काढल्याशिवाय निवडू नका. गोळ्याचं वर्तुळ २.१३५ मीटरचं, थाळीचं अडीच मीटरचं. जागा कमीजास्त, पण पायांचा धडा बराचसा एकच. गिरकी घेऊन गोळा टाकायचा असेल तर थाळीत शिकलेलं थेट कामाला येतं. अमेरिकेच्या रायन क्राउझरने २०२३ मध्ये पुरुषांच्या गोळाफेकीत २३.५६ मीटरचा विश्वविक्रम केला तो गिरकीवरच. मात्र महिलांचा २२.६३ मीटरचा विक्रम १९८७ पासून सोव्हिएत संघाच्या नताल्या लिसोव्स्कायाच्या नावावर आहे आणि तो ग्लाइडचा. त्यामुळे "ग्लाइड जुनी झाली" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, हा आकडा सांगते.

थाळीच्या आकड्यांकडे बघताना आणखी एक सावधगिरी. कमी अंतराच्या धावण्यात नि लांब उडीत वारा मोजतात, थाळीत त्याला मर्यादाच नाही. आणि थाळीला मदत करतो तो समोरचा वारा, पाठीमागचा नव्हे. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये जागतिक ज्युनिअर स्पर्धेत त्याने पावणेदोन किलोची थाळी ६९.८१ मीटर टाकली. पुढच्याच वर्षी, १९व्या वर्षी, दोन किलोची थाळी ६९.२७ मीटर टाकून जागतिक रौप्य. पाव किलो वाढलं आणि अंतर जवळपास तिथल्या तिथे! असं हजारात एखाद्याचं होतं. त्याच्याशी आपली तुलना करून रडत बसू नका. २०२४ मध्ये त्याने अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या रामोना इथे, वाऱ्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या मैदानावर, ७४.३५ मीटर टाकून १९८६ पासूनचा पूर्व जर्मनीच्या युर्गेन शुल्टचा विश्वविक्रम मोडला आणि २०२५ मध्ये तिथेच ७५.५६ वर नेला. आणि मधल्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये? ६९.९७. सुवर्ण तीन सेंटिमीटरने हुकलं.

वजन बदलणार हे वर्षभर आधी माहीत असतंच, तर तयारीही आधीच करता येते. स्पर्धा नसलेल्या महिन्यांत पुढच्या वजनाच्या गोळ्याने जागेवरून, म्हणजे स्टँडिंग फेका मारायला लागा. आठवड्यातून एक दिवस पुरे. एकदम दुप्पट वजन उचलून मर्दुमकी दाखवू नका, मनगट आधी जातं. वर्तुळातून बाहेर पडताना मागच्या अर्ध्या भागातूनच पडा. माझी एक पदकाची फेक केवळ आनंदाने पुढे पाऊल टाकल्यामुळे फाउल ठरली होती, त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि वही ठेवा. तारीख, वजन, वारा, स्टँडिंग फेक, पूर्ण फेक. माझी जुनी वही परवा चाळली. ११.६२ च्या ओळीत, आदल्या दिवशीच्या सरावातल्या स्टँडिंगच्या रकान्यात ११.३० लिहिलंय. म्हणजे माझी सगळी ग्लाइड मिळून भर पडली ती ३२ सेंटिमीटरची, आणि मी टेपवर संशय घेत होते. दोन सीझननंतरच्या पानावर, त्याच चार किलोच्या गोळ्याने, स्टँडिंग १२.४०, पूर्ण १३.९४. शेजारी सरांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: "ट-टक."